आयर्लंडचे नाव, बेळगावची सभा

24 एप्रिल 1916, ईस्टरचा सोमवार. डब्लिनच्या पोस्टात बंडखोर शिरले आणि आयरिश प्रजासत्ताकाची घोषणा झाली. 29 तारखेला त्यांचा नेता पॅट्रिक पिअर्स शरण गेला. या दोन तारखांच्या मध्ये, 28 एप्रिलला, बेळगावात इंडियन होमरूल लीग स्थापन झाली. मुंबई प्रांतिक परिषदेसाठी टिळकांचे अनुयायी तेव्हा गावात जमले होते.

हा निव्वळ योगायोग. मात्र बेळगावकरांनी जे नाव उचलले, ते बंदुकीच्या आयर्लंडचे नव्हतेच. ते पार्लमेंटात खिंड लढवणाऱ्या आयर्लंडचे होते. आयझॅक बट यांनी 1870 मध्ये होम गव्हर्नमेंट असोसिएशन काढली आणि 1873 मध्ये तिच्या जागी होमरूल लीग आली. पुढे पार्नेलने आयरिश खासदारांची अशी शिस्तबद्ध फळी उभारली, की लंडनच्या मंत्रिमंडळांना तिची मनधरणी करावी लागे. आयरिश स्वराज्याची 1886 आणि 1893 ची विधेयके पडली. 1914 मध्ये कायदा झाला, पण महायुद्धामुळे त्याची अंमलबजावणी लांबणीवर पडली.

लीगच्या नावातली खोच इथे आहे. मंडालेहून 1914 मध्ये सुटून आलेल्या टिळकांवर सरकारची करडी नजर होती आणि ‘स्वराज्य’ हा शब्द उच्चारला तरी अधिकाऱ्यांच्या कपाळाला आठ्या पडत. ‘होमरूल’ मात्र खुद्द ब्रिटिश पार्लमेंटने संमत केलेला शब्द. त्याला राजद्रोह ठरवायचे, तर आपल्याच कायद्याला राजद्रोह म्हणायची पाळी! ही वकिली चाल होती आणि ती लढवणाऱ्यांत एक कसलेले बॅरिस्टर होते. माझगावच्या माथारपाखाडीचे जोसेफ ऊर्फ काका बॅप्टिस्टा लीगचे अध्यक्ष झाले, न. चिं. केळकर चिटणीस. स्वतः टिळकांनी पद घेतले नाही.

यजमानपणाचा भार होता गंगाधरराव देशपांडे यांच्यासारख्या बेळगावकर कार्यकर्त्यांवर. परिषदेला गांधीही आले होते. सुरतेच्या काँग्रेसमधील फुटीनंतर दुरावलेल्या जहालांनी पुन्हा काँग्रेसमध्ये जाण्याचा मार्ग याच परिषदेत मोकळा झाला.

1 मे रोजी टिळक बेळगावात बोलले, महिनाअखेरीस अहमदनगरला. बादशहाची सत्ता आणि त्याच्या नावाने कारभार हाकणारी नोकरशाही या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे त्यांनी वेदान्ताची भाषा वापरून समजावले. बादशहा राहू दे, मधले कारभारी बदला, असा त्यांचा रोख होता. मुद्दा लंडनच्या कायद्यातला आणि दृष्टांत कीर्तनातला, म्हणून तो शेतकऱ्यालाही कळला.

सरकारलाही कळला. बेळगावचे एक आणि नगरची दोन अशा तीन भाषणांवरून पुण्याच्या मॅजिस्ट्रेटने वर्षभराच्या चांगल्या वर्तणुकीसाठी 20,000 रुपयांचा जातमुचलका आणि 10,000 चे दोन जामीन मागितले. नोटीस बजावली गेली ती 23 जुलैला, टिळकांच्या साठाव्या वाढदिवशी. त्याच दिवशी लोक त्यांना एक लाखाची थैली अर्पण करत होते. मुहूर्त काढायला सरकारने जोशी ठेवला होता की काय, कोण जाणे! हायकोर्टात बॅरिस्टर जिनांनी बाजू मांडली आणि 9 नोव्हेंबरला तो हुकूम रद्द झाला. चाल फळाला आली. होमरूल मागणे हा गुन्हा नाही, असा गावोगाव सांगण्याजोगा दाखलाच लीगच्या हाती आला.

मग प्रचाराला जोर चढला. पहिल्याच वर्षात सहा मराठी आणि दोन इंग्रजी पुस्तिकांच्या मिळून 47,000 प्रती खपल्या; कानडी आणि गुजरातीतही पत्रके निघाली. एप्रिल 1917 पर्यंत सभासद 14,000 झाले. मद्रासेत सप्टेंबर 1916 मध्ये वेगळी लीग काढणाऱ्या ॲनी बेझंट यांचे तर आयर्लंडशी रक्ताचेच नाते. त्यांना जून 1917 मध्ये स्थानबद्ध केल्यावर देशभर गहजब झाला आणि 20 ऑगस्टला भारतमंत्री माँटेग्यूंना टप्प्याटप्प्याने जबाबदार राज्यपद्धती देण्याचे जाहीर करावे लागले. 1919 च्या कायद्याने हाती आली ती द्विदल राज्यपद्धती, म्हणजे अर्धी भाकरी. आयर्लंडात तोवर घटनात्मक मार्गावरचा विश्वास उडाला होता. 1918 च्या निवडणुकीत प्रजासत्ताकवादी सिन फेन पक्षाला 73 जागा मिळाल्या, पार्नेलच्या जुन्या पक्षाला आयर्लंडात सहा.

सीमाभागातल्या वाचकाला मात्र त्या प्रचारातली दुसरीच एक मागणी टोचेल. मराठी, कानडी, तेलुगू अशा भाषांचे वेगळे प्रांत करा आणि शिक्षण त्या-त्या भाषेत द्या, असे टिळक सांगत होते. मराठी आणि कानडीची सरमिसळ असलेल्या बेळगावात रेघ नेमकी कुठून ओढायची, हा प्रश्न तेव्हा कुणाला भेडसावला नाही. दोन्ही भाषांचे लोक एकाच लीगमध्ये होते. काँग्रेसने 1920 मध्ये नागपुरात भाषावार प्रांतिक समित्या मान्य केल्या. 1924 चे बेळगाव अधिवेशन, गांधींनी अध्यक्षपद भूषवलेले एकमेव, कर्नाटकाच्या यजमानपदाखाली भरले आणि त्याचीही धुरा गंगाधररावांनीच वाहिली.

1956 च्या भाषावार राज्यपुनर्रचनेत बेळगाव, खानापूर, निपाणी म्हैसूर राज्यात गेले. या सीमावादावरचा महाजन आयोगाचा 1967 चा अहवाल महाराष्ट्राने नाकारला आणि 2004 मध्ये राज्याने सर्वोच्च न्यायालयाचे दार ठोठावले. ज्या गंगाधररावांना ‘कर्नाटक केसरी’ म्हणतात, त्यांनी आपले आत्मचरित्र मराठीत लिहिले. नाव ‘माझी जीवनकथा’.