मणिकर्णिकेवरच्या वह्या

मणिकर्णिका घाटावरची चिता कधी विझत नाही, असं म्हणतात. त्या धुरापासून चार पावलांवर, चक्रपुष्करिणी कुंडाच्या आसपास, काशीचा आणखी एक जुना कारभार चालतो. अस्थींचं गाठोडं घेतलेला मराठी माणूस पायऱ्या उतरू लागला की प्रश्न येतो, ‘गाव कोणतं? आडनाव काय?’ उत्तर जुळलं तर तीर्थोपाध्यायांच्या घरी लाल कापडात बांधलेली लांबट वही सोडली जाते आणि नशीब असेल तर पणजोबांची सही समोर येते. नाही जुळलं, तर दुसऱ्या गल्लीतल्या दुसऱ्या उपाध्यायांचं दार दाखवलं जातं. यजमान वाटलेले असतात: मुलखानुसार, गावानुसार, जातीनुसार.

काशी आणि मराठी मुलूख यांचं नातं जुनं. पैठणचं भट्ट घराणं सोळाव्या शतकात इथे स्थिरावलं. त्याच घराण्यातले गागाभट्ट 1674 साली शिवछत्रपतींच्या राज्याभिषेकासाठी रायगडावर आले. मणिकर्णिकेचं बांधकाम अहिल्याबाई होळकरांनी करवलं. शेजारचा शिंदे घाट ग्वाल्हेरच्या बायजाबाई शिंदे यांनी 1830 च्या सुमारास बांधला आणि तो स्वतःच्याच भारानं खचला. एवढी ये-जा म्हटल्यावर नोंदी साचणारच.

वहीतली नोंद साधी असते. कोण आला, कोणाचा मुलगा, कोणाचा नातू, भाऊ किती, सोबत कोण, अस्थी कोणाच्या किंवा श्राद्ध कोणाचं, तिथी आणि वर्ष. लिहिता येणारा यजमान हे स्वतःच्या हातानं लिहितो, नाहीतर उपाध्ये लिहितात. वंशावळ शोधणाऱ्याला याचं मोल मोठं, कारण पुढच्या पिढीतला माणूस आला की जुन्या नोंदीच्या आधारानं त्याची नवी नोंद होते.

युरोपात हेच काम चर्चच्या वह्यांनी केलं. बोहेमियात, म्हणजे आजच्या चेक प्रजासत्ताकात, पाद्री बाप्तिस्मा, लग्न आणि दफन लिहून ठेवत. सम्राट जोसेफ दुसरा याच्या 1784 च्या फर्मानानं त्या वह्या सरकारी दप्तर ठरल्या. आता त्या सरकारी अभिलेखागारांत आहेत आणि बऱ्याचशा घरबसल्या संगणकावर फुकट वाचता येतात. अडचण अक्षरांची. जुन्या जर्मन वळणाची लिपी आणि मजकूर कधी लॅटिन, कधी जर्मन, कधी चेक. चेक आजोबा शोधणारा आधी लिपीचे धडे गिरवतो, तसा मराठी माणूस मोडीचे.

पण फरक मोठा आहे. चेक वहीत गावातल्या गरिबाचंही नाव येतं, कारण वही गावातच होती. काशीच्या वहीत तोच येतो, ज्याला शेकडो कोसांचा प्रवास जमला. ज्याच्याकडे वाटखर्चच नव्हता, त्याचं कुळ या कागदांपुरतं अस्तित्वातच नाही. या वह्यांना ‘समाजाचा इतिहास’ म्हणणाऱ्यांनी हे विसरू नये.

मोडी वाचता आली तरी खाचखळगे उरतात. ‘अमुक बिन तमुक’ यातलं ‘बिन’ म्हणजे मुलगा, हे कळायला वेळ लागत नाही. वर्षाचं गणित मात्र चुकवतं. मराठी यजमान शके लिहितो, उत्तरेकडचा लेखक संवत. शके 1712 आणि संवत 1847 दोन्ही 1790 सालचेच: शकात 78 मिळवायचे, संवतातून 57 वजा करायचे, आणि वर्ष फिरण्याच्या सुमाराला एकाचा फरक धरायचा. आडनावं अनेकदा नसतातच. ‘मौजे अमुकचे कुलकर्णी’ एवढ्यावर भागतं. त्यातून नातवाला आजोबांचं नाव ठेवायची पद्धत. एक पिढी सोडून तेच नाव पुन्हा आलं की आजोबा आणि नातू एकमेकांत मिसळतात. मग भावांच्या नावांवरून निवाडा करावा लागतो.

बायकांचा माग सर्वांत कठीण. याच घाटाचं नाव मिळालेली मुलगी पाहा. मोरोपंत तांबे दुसऱ्या बाजीराव पेशव्यांचे भाऊ चिमाजी आप्पा यांच्या पदरी काशीत होते. तिथे जन्मलेल्या त्यांच्या लेकीचं नाव मणिकर्णिका. 1842 साली झाशीच्या नेवाळकरांकडे लग्न झालं आणि ती लक्ष्मीबाई झाली. तिच्या जन्माचं वर्ष कुणी 1828 सांगतं, कुणी 1835. पुढे 1853 साली आनंदराव दत्तक आला आणि दामोदरराव झाला. राजघराण्यात ही गत, तर सामान्य घरातल्या सुनेचं माहेर सासरच्या वहीत शोधणाऱ्यानं काय करावं?

तरीही या वह्यांनी मोठी कोडी सोडवली आहेत. कलाइतिहासकार बी. एन. गोस्वामी यांनी 1968 साली हरिद्वार आणि इतर तीर्थांतल्या पंड्यांच्या वह्यांमधून पहाडी चित्रकारांची घराणी जुळवली. तोवर शैली ओळखायची ती संस्थानांच्या नावानं. गोस्वामींनी ती नैनसुखसारख्या चित्रकारांच्या कुटुंबांशी जोडली. न्यायालयांनाही अशा नोंदी परक्या नाहीत. 1872 च्या पुरावा कायद्यानं, वाद उभा राहण्याआधी मृत व्यक्तीनं नात्याबद्दल केलेलं विधान विचारात घ्यायला वाव ठेवला होता. वारशाच्या दाव्यात वही साक्षीला येते ती यामुळेच.

अमेरिकेतल्या युटाच्या वंशावळ संस्थेनं 1977 पासून हरिद्वारच्या वह्यांचं मायक्रोफिल्मिंग सुरू केलं. सगळे पंडे अशा कामाला राजी नसतात आणि त्यांचं चूक म्हणता येत नाही. यजमानवृत्ती ही मिळकत आहे. ती वारशानं येते, भावाभावांत वाटली जाते, गहाणही पडते. वही सगळ्यांना खुली झाली, तर यजमान दारात कशाला येईल?

म्हणून काशीला निघणाऱ्यानं हाताशी मूळ गावाचं जुनं नाव, जुना तालुका, गोत्र, किमान तीन पिढ्यांची नावं आणि नाशिक-त्र्यंबकच्या उपाध्यायांकडची नोंद असली तर तिची नक्कल ठेवावी. आडनाव बदललं असेल तर आधीचंही सांगावं. मोडी वाचणारा सोबत मिळाला तर उत्तम. 2023 साली न्या. संदीप शिंदे समिती मराठा आरक्षणाच्या प्रश्नावर जुन्या दप्तरांत कुणबी नोंदी शोधू लागली, तेव्हा जिल्ह्याजिल्ह्यांतून मोडी वाचकांनाच बोलावणी गेली होती.