नळदुर्गचा साहेब आणि माळ्यावरच्या वह्या

सोलापूरहून हैदराबादकडे जाणारा प्रवासी नळदुर्गला थांबला, की बोरी नदीवरचा पाणीमहाल पाहतो आणि पुढची वाट धरतो. दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या काळात, १६१३ मध्ये उभारलेल्या त्या बंधाऱ्याची कीर्ती मोठी आहे. त्याच किल्ल्यातील एका जुन्या इमारतीत १८५३ पासून १८५७ पर्यंत एका इंग्रज अधिकाऱ्याचे वास्तव्य होते. त्याचे नाव फिलिप मेडोज टेलर. ठगांवरील त्याची १८३९ ची कादंबरी इंग्लंडात गाजली. तुळजापूरच्या पार्श्वभूमीवरची ‘तारा’ १८६३ मध्ये निघाली. लेखक म्हणून तो अनेकांना ठाऊक आहे. मात्र हा माणूस हिंदुस्थानात आला तो एका व्यापाऱ्याच्या हाताखाली कारकुनी करण्यासाठी, आणि तेही वयाच्या पंधराव्या वर्षी, ही बाजू व्यापारी घरांतही फारशी बोलली जात नाही.

टेलरचा जन्म २५ सप्टेंबर १८०८ रोजी लिव्हरपूलला झाला. वडील तेथील व्यापारी. त्यांचा व्यापार बुडाला, घर डब्लिनला गेले आणि मुलगा शाळा अर्धवट सोडून लिव्हरपूलच्या एका पेढीवर कारकून म्हणून लागला. १८२४ मध्ये मुंबईतील बॅक्स्टर नावाच्या व्यापाऱ्याकडे त्याची रवानगी झाली. पुढे भागीदारी मिळेल अशी आशा त्याला दाखवण्यात आली होती. मुंबईस पोहोचल्यावर त्याला कळले, की बॅक्स्टरचा व्यवहारच डळमळीत आहे. मुंबई सरकारचे मुख्य सचिव न्यूनहॅम हे नात्यातले निघाले. त्यांच्या खटपटीने मुलाला निजामाच्या फौजेत जागा मिळाली आणि त्याचा तराजू-तागडीशी असलेला संबंध संपला. तो संपला असे निदान त्याला तरी वाटले असेल.

नळदुर्ग त्याच्या वाट्यास आले तेही एका थकबाकीमुळे. निजामाच्या कंटिंजंट फौजेचा खर्च थकत गेला, त्याची बाकी फुगली. २१ मे १८५३ च्या तहान्वये वऱ्हाड, धाराशिवचा मुलूख आणि रायचूर दोआब कंपनीकडे गहाणासारखे सोपवले गेले. १८६० च्या तहाने धाराशिव आणि रायचूर परत मिळाले. बँकेच्या भाषेत सांगायचे, तर अख्खा जिल्हा सात वर्षे तारण होता, आणि त्या तारणाच्या देखरेखीवर नेमलेला अधिकारी एका बुडालेल्या व्यापाऱ्याचा मुलगा होता. त्याने जमिनीची मोजणी आणि रस्त्यांची कामे हाती घेतली, कचेरी बसवली.

या माणसाच्या घराण्याचा मागोवा घेणे विलक्षण सोपे आहे. त्याचे आत्मचरित्र मुलगी ॲलिस हिने १८७७ मध्ये, त्याच्या मृत्यूनंतरच्या वर्षी प्रसिद्ध केले. चुलत घराण्यातील हेन्री रीव्ह याला त्याने लिहिलेली पत्रे जपली गेली आणि १९४७ मध्ये छापली गेली. तेथून मागे जावे तर वडील लिव्हरपूलचे व्यापारी. आजोबा रेव्हरंड फिलिप टेलर (१७४७–१८३१) आधी लिव्हरपूलला आणि नंतर डब्लिनला धर्मोपदेशक होते. त्यांचे वडील रिचर्ड, आणि रिचर्डचे वडील डॉ. जॉन टेलर (१६९४–१७६१), नॉरविच येथील हिब्रू भाषेचे नामवंत पंडित. कारकून म्हणून आलेल्या मुलाच्या मागे चार पिढ्या, तारखांसह, एका बैठकीत उभ्या राहतात. त्यांतील ‘मेडोज’ हे मधले नावसुद्धा एक दस्तऐवजच आहे. रिचर्डची पत्नी मार्गारेट ही मेडोज घराण्यातली. तिचे माहेरचे आडनाव पणतूने नळदुर्गपर्यंत आणले. आपल्याकडे सून घरात आली की तिचे माहेरचे आडनाव, कित्येकदा पाळण्यातले नावही, कागदावरून पुसले जाते. तीन पिढ्यांनंतर पणजी कोणत्या गावची हे सांगणारे घरात कोणी उरत नाही.

हे सोपे झाले ते इंग्रज अधिक कुलाभिमानी होते म्हणून नव्हे. आठव्या हेन्रीच्या कारकिर्दीत, १५३८ मध्ये, प्रत्येक चर्चने बाप्तिस्मा, विवाह आणि दफन यांची नोंद ठेवावी असा हुकूम निघाला. टेलर घराणे राजमान्य चर्चबाहेरच्या पंथाचे होते. त्या पंथांच्या नोंदवह्या वेगळ्या असत. सरकारने १८३७ नंतर त्याही मागवून घेतल्या आणि १८४० च्या कायद्याने ग्राह्य ठरवल्या. १ जुलै १८३७ पासून जन्म, विवाह, मृत्यू यांची सरकारी नोंद सुरू झाली. १८४१ च्या खानेसुमारीपासून घरातील प्रत्येकाचे नाव आणि व्यवसाय यांची नोंद होऊ लागली. म्हणून इंग्लंडातील एखाद्या किराणा दुकानदाराचा वंशजही पणजोबाचे दुकान कोणत्या गल्लीत होते आणि घरात किती नोकर होते हे आज शोधू शकतो. ही नोंद ठेवणारा घराबाहेरचा होता. दुकान बुडाले, मुले पांगली, तरी वही तिसऱ्याच्या कपाटात राहिली.

टेलरच्या सासरचा शोध मात्र वेगळ्या वाटेने जातो. त्याची पत्नी मेरी ही हैदराबादच्या विल्यम पामर यांची मुलगी. विल्यमचे वडील जनरल पामर १७९८ ते १८०१ या काळात पुण्याला पेशव्यांच्या दरबारी रेसिडेंट होते. आई फैज बक्ष, अवधच्या एका मुसलमान घराण्यातील. या कुटुंबाचे १७८५-८६ च्या सुमाराचे चित्र आज लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहे. त्यात फैज बक्ष मुलांसह बसलेली दिसते. विल्यमने १८१४ मध्ये हैदराबादला ‘विल्यम पामर आणि कंपनी’ ही पेढी काढली. बंकटीदास हा देशी सावकार त्यात भागीदार होता. निजामाच्या सरकारला या पेढीने शेकडा चोवीसच्या आसपास व्याजाने कर्जे दिली. १८२० मध्ये साठ लाखांचे कर्ज झाले. रेसिडेंट मेटकाफने त्यावर बोट ठेवले, गव्हर्नर जनरलपर्यंत वाद गेला. अखेर कंपनी सरकारने उत्तर सरकार प्रांतांच्या पेशकशीपोटी सुमारे १ कोटी १६ लाख रुपये एकरकमी देऊन निजामाकडून पेढीची बाकी फेडवली. पेढीने १८२४ मध्ये दिवाळे काढले.

या प्रकरणाचे कागद लंडनला त्याच वर्षी जाडजूड ग्रंथ म्हणून छापले गेले. मूळ मुद्दल, व्याज, हप्ते, पत्रव्यवहार, सारे त्यात आहे. ज्या पेढीची चौकशी होते तिचे कागद टिकतात. जी पेढी शंभर वर्षे सचोटीने चालली, कोणाचे देणे बुडवले नाही, कोर्टाची पायरी चढली नाही, तिच्याविषयी सरकारी दप्तरात एक ओळही सापडत नाही. वडिलांचा बुडालेला व्यापार, बॅक्स्टरचा डळमळीत व्यवहार आणि सासऱ्याची दिवाळखोर पेढी, अशा तिन्ही खात्यांच्या कडेला टेलरचे आयुष्य उभे आहे, आणि तिन्हींची माहिती मिळते. बंकटीदासांचे पूर्वज, त्यांची पत्नी, मुले यांविषयी त्या ग्रंथात शोधणाऱ्याच्या हाती फारसे लागत नाही. तेथे ते फक्त भागीदार आहेत.

आता याच काळातील तुळजापूर, नळदुर्ग, परंडा, भूम किंवा कळंबच्या बाजारातील एखादे दुकान डोळ्यांसमोर आणावे. टेलर नळदुर्गला कचेरीत बसत होता तेव्हा या बाजारांत धान्य, कापड, गूळ यांची देवघेव चालूच होती. त्या दुकानदाराच्या जन्ममृत्यूची नोंद ठेवणारे चर्च नव्हते. त्याची एकमेव नोंदवही म्हणजे त्याचीच रोजकीर्द.

दिवाळीला वहीपूजन होते. पहिल्या पानावर श्रीकार, गौतमस्वामींच्या लब्धीचे आणि शालिभद्राच्या ऋद्धीचे स्मरण, खाली संवत आणि पेढीचे नाव. बहुतेक घरांत जुन्या वहीकडे त्यानंतर कोणी वळून पाहत नाही. वास्तविक त्या लाल कापडी पुठ्ठ्यात एका घराचा सारा इतिहास जमा-नावे पद्धतीने बसलेला असतो. घरखर्च खात्यात सुईणीला दिलेले लुगडे सापडते, म्हणजे त्या तिथीला जन्म झाला. लग्नाच्या महिन्यात आहेराची यादी असते आणि तीत मामा, मेहुणे, व्याही यांची गावे असतात. कुंथलगिरीच्या यात्रेची गाडी, शिखरजीचा रेल्वेखर्च, मुलाच्या पाटीपेन्सिलीचे पैसे, तेराव्याचा किंवा शांतिविधानाचा खर्च, धर्मादाय खात्यात पोत्यामागे बाजूस काढलेला आणा. खतावणीत गिऱ्हाईकाचे नाव, गाव आणि जात असते. म्हणजे ती वही एका घराबरोबर शंभर शेतकरी घरांचाही पुरावा असते. चर्चच्या नोंदीत सुईणीचे लुगडे नसते.

वही वाचताना पहिला अडसर लिपीचा. मराठी दुकानांची वही बहुधा मोडीत, मारवाडी वा गुजराती घरांची त्यांच्या महाजनी वळणात. दुसरा अडसर सालाचा. एकाच पेटीत शक, विक्रम संवत, वीर निर्वाण संवत आणि मोगलाईतील फसली साल असे चारही आढळतात. शकात ७८ मिळवावेत, विक्रम संवतातून साधारण ५७ व वीर निर्वाण संवतातून ५२७ वजा करावेत, दख्खनच्या फसलीत ५९० मिळवावेत. वर्ष बदलण्याच्या वेळेनुसार एखादा आकडा इकडेतिकडे होतो. संवत १९५६ दिसले की ‘छप्पनचा दुष्काळ’ म्हणजे १८९९-१९०० हे जुन्या माणसांना सांगावे लागत नाही. तिसरा अडसर नाण्याचा. हाली शिक्का आणि कलदार यांचा भाव ढोबळमानाने सातास सहा असा पडे. बार्शी इंग्रजी अमलात आणि भूम-परंडा मोगलाईत असल्याने सीमेवरच्या दुकानात दोन्ही नाणी खेळत. हा बट्टा ध्यानात न घेतल्यास पणजोबा होते त्याहून श्रीमंत भासतात.

वही नसेल तरी सारेच हातचे गेले असे नाही. मंदिरातील धातूच्या प्रतिमांच्या पाठीवरचे लेख पाहावेत. संवत, तिथी, प्रतिष्ठा करणारे भट्टारक, दात्याची जात, गोत्र आणि कित्येकदा पत्नी-पुत्रांची नावेही तेथे कोरलेली असतात. बलात्कार गणाची एक शाखा लातूरला होती. विद्याधर जोहरापूरकर यांच्या १९५८ च्या ‘भट्टारक संप्रदाय’ या ग्रंथात या परंपरेची साधने एकत्र केलेली आहेत. सैतवाल, कासार, हुंबड, बघेरवाल घरांना ते उपयोगी आहे. ओसवाल घरांसाठी राजस्थानातील कुलगुरू आणि भाट यांच्या वह्या आहेत, आणि ते अजूनही अधूनमधून फेरीवर येतात. आलेल्या भाटाला बिदागी देऊन वाटेला लावण्यापूर्वी त्याच्या वहीतील आपले पान उतरवून घ्यावे.

सरकारी बाजूला खासरा पत्रक, पाहणी पत्रक, जन्ममृत्यूचा गाव नमुना १४ आणि खरेदीखते आहेत. कुणबी नोंदींच्या शोधासाठी २०२३ मध्ये न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली, तेव्हा मराठवाड्यातील हीच मोडी आणि उर्दू दप्तरे बाहेर निघाली. वर्षानुवर्षे धूळ खात पडलेल्या कागदासाठी लोक तहसिलीत रांगा लावू लागले. निजामी आमदानीचे वरिष्ठ दप्तर हैदराबादच्या अभिलेखागारात आहे. १९८२ मध्ये लातूर जिल्हा वेगळा झाला, त्यामुळे औसा-लातूरच्या घरांनी दोन्ही जिल्ह्यांत विचारावे.

शेजारच्या सोलापुरातील दोशी घराण्याचे उदाहरण येथे आठवते. शेठ हिराचंद नेमचंद यांनी १८८५ च्या सुमारास ‘जैन बोधक’ सुरू केले. त्यांचे पुत्र वालचंद (जन्म १८८२) यांनी पुढे जहाज, विमान आणि मोटारीचे कारखाने उभारले. हे घराणे मूळचे सौराष्ट्रातील वांकानेरचे, हे सर्वांना माहीत आहे, कारण गं. दे. खानोलकरांसारखा चरित्रकार त्यांना लाभला. त्यांच्याच पिढीत, तशाच वाटेने दख्खनेत आलेल्या इतर घरांना आपले वांकानेर कोणते हे आज नातवंडांना सांगता येत नाही.

१९४८ च्या धामधुमीत रझाकारांच्या भयाने या भागातील पुष्कळ व्यापारी घरे बार्शी-सोलापूरकडे गेली. सोबत दागिने गेले, वह्या मागे राहिल्या. जे तेव्हा वाचले ते आता वाटण्या, नवे बांधकाम आणि संगणकावरील हिशेब यांत जात आहे. कंपनीला हिशेबाची पुस्तके आठ वर्षे ठेवण्याचे कायद्याचे बंधन आहे. पणजोबांच्या वहीला कोणतेच बंधन नाही, आणि हातकागदाला रद्दीत भावही बरा येतो.

माळा झाडण्याचे दिवस दिवाळीआधीचे. तेव्हा निदान वहीचे पहिले पान, घरखर्च खाते आणि आहेराच्या याद्या यांची छायाचित्रे घ्यावीत. छायाचित्रासोबत वही कोणाच्या हातची हे घरातील वडीलधाऱ्यांना विचारून लिहून ठेवावे, आणि त्याच बैठकीत आजीचे, पणजीचे माहेर कोणते तेही. मोडी वाचणारे आजही आहेत. राज्याचे पुराभिलेख संचालनालय मोडीचे प्रशिक्षण वर्ग घेते, पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळातही जाणकार भेटतात. कसर लागलेली पाने सुटी करण्याच्या फंदात पडू नये. वही कोरड्या जागी, सुती कापडात, आडवी ठेवावी.