पुस्तक घेण्याआधी अभ्यासक्रम वाचा
(नेटवर्किंगची पहिली पायरी : लेखांक ५)

सिस्कोची सीसीएनए परीक्षा कोणी द्यावी आणि कोणी थोडे थांबावे, याचा विचार आपण गेल्या लेखांकात केला. ज्यांचे द्यायचे नक्की झाले आहे त्यांचा पुढचा प्रश्न ठरलेला असतो : अभ्यास कशावरून करायचा? बाजारात या प्रश्नाच्या उत्तरांना तोटा नाही. सिस्को प्रेसची दोन जाडजूड पुस्तके आहेत, यूट्यूबवर संपूर्ण अभ्यासक्रम आहेत, क्लासच्या नोट्स आहेत, विकतच्या सराव परीक्षा आहेत आणि टेलिग्रामवरून फिरणाऱ्या पीडीएफ तर हव्या तेवढ्या. उमेदवार यातले जमेल ते गोळा करतो आणि फोल्डर भरला की अर्धी तयारी झाल्याचे समाधान त्याला मिळते. माझे म्हणणे असे की ‘सर्वांत चांगले साहित्य कोणते’ हा प्रश्न सुरुवातीला बाजूला ठेवावा. परीक्षेत आपल्याला काय करून दाखवायचे आहे ते आधी पाहावे आणि ते करायला जे साहित्य आपल्याला भाग पाडते तेवढेच घ्यावे.

काय करून दाखवायचे आहे, हे सिस्कोने लपवून ठेवलेले नाही. २००-३०१ या क्रमांकाच्या परीक्षेचा अभ्यासक्रम कंपनीच्या संकेतस्थळावर फुकट मिळतो आणि तो मोजक्या पानांचा आहे. त्यात सहा विभाग आहेत. नेटवर्किंगची मूलतत्त्वे आणि नेटवर्क ॲक्सेस यांना प्रत्येकी २० टक्के, आयपी कनेक्टिव्हिटीला २५, आयपी सेवांना १०, सुरक्षेला १५ आणि ऑटोमेशनला १० टक्के भार आहे. हे आकडे बहुतेकांना माहीत असतात. दुर्लक्ष होते ते प्रत्येक मुद्द्याच्या सुरुवातीला काय लिहिले आहे त्याकडे. एकाच एरियातल्या ओएसपीएफ या राउटिंग प्रोटोकॉलबद्दल तिथे म्हटले आहे की तो कॉन्फिगर करता आला पाहिजे आणि नीट चालतो आहे की नाही हे तपासताही आले पाहिजे. त्याच विभागात फर्स्ट हॉप रिडंडन्सी प्रोटोकॉलही आहेत, पण तिथे अपेक्षा फक्त त्यांचा हेतू आणि संकल्पना सांगण्याची आहे. म्हणजे एका मुद्द्यासाठी राउटरवर हात चालला पाहिजे आणि दुसऱ्यासाठी समजून वाचलेले पुरते. दोन्हींसाठी एकच पुस्तक सारख्याच पद्धतीने वाचणारा उमेदवार पहिल्यात कमी पडतो आणि दुसऱ्यात वेळ घालवतो.

‘तपासणे’ म्हणजे काय, ते जरा जवळून पाहू. पॅकेट ट्रेसर हे सिस्कोचे सिम्युलेटर नेटवर्किंग अकॅडमीत नाव नोंदवले की फुकट मिळते. त्यात दोन राउटर जोडा, दोन्हींवर एरिया शून्यमध्ये ओएसपीएफ सुरू करा आणि ‘शो आयपी ओएसपीएफ नेबर’ ही आज्ञा द्या. समोरचा राउटर यादीत दिसेल आणि त्याच्यापुढे ‘फुल’ अशी नोंद असेल. आता एका बाजूच्या इंटरफेसवर हॅलो संदेशाचा काळ दहा सेकंदांऐवजी पाच करा. थोड्या वेळाने तीच आज्ञा दिली तर यादी रिकामी. केबल जागेवर आहे, पिंग जातो आहे, आयपी पत्ते बरोबर आहेत आणि तरी शेजारी गायब. अशा वेळी ‘शो आयपी ओएसपीएफ इंटरफेस’मधला हॅलोचा आकडा दोन्हीकडे ताडून पाहायचा, हे ज्याने एकदा स्वतः शोधून काढले त्याला तो मुद्दा पुन्हा पाठ करावा लागत नाही. पुस्तकात हीच गोष्ट एका ओळीत असते : दोन्ही बाजूंचे टायमर जुळले पाहिजेत. वाचताना ती इतकी सरळ वाटते की डोळा पुढे सरकतो, आणि परीक्षेत दोन्ही राउटरचे आउटपुट समोर आले की नेमका तोच आकडा नजरेतून निसटतो. सबनेटिंगचेही तसेच आहे. १९२.१६८.१०.७७ या पत्त्याला /२७ चा मास्क असेल तर नेटवर्क ६४ वर सुरू होते, ब्रॉडकास्ट ९५ आणि मधले ६५ ते ९४ हे वापरायचे पत्ते. रीत समजायला एक चांगला व्हिडिओ पुरतो. पण हेच उत्तर काही सेकंदांत यायला हवे असेल तर कागद-पेन घेऊन शेकडो उदाहरणे सोडवण्याला पर्याय नाही.

हा केवळ अनुभवी शिक्षकांचा आग्रह नाही, त्यामागे चांगला पुरावा आहे. २००६ साली हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिकी या मानसशास्त्रज्ञांनी विद्यार्थ्यांना छोटे उतारे अभ्यासायला दिले. एका गटाने उतारा चार सत्रांत पुन्हा पुन्हा वाचला. दुसऱ्या गटाने तो एका सत्रात वाचला आणि उरलेल्या तीन सत्रांत न पाहता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी चाचणी घेतली तेव्हा वाचणारे पुढे होते : ८३ टक्के विरुद्ध ७१. आठवड्याने चित्र उलटे झाले. वाचणाऱ्यांना ४० टक्के आठवले, आठवून लिहिणाऱ्यांना ६१. पुढे २०१३ मध्ये जॉन डनलॉस्की आणि सहकाऱ्यांनी अभ्यासाच्या दहा पद्धतींवरील संशोधन एकत्र तपासले. स्वतःची चाचणी घेणे आणि अभ्यास दिवसांमध्ये विभागणे या दोन पद्धती त्यांना सर्वाधिक उपयोगी आढळल्या, तर पुन्हा वाचणे आणि ओळी अधोरेखित करणे यांना त्यांनी तळाच्या गटात ठेवले. उताऱ्यावरचा प्रयोग राउटरला कसा लागू होईल, अशी शंका कोणी घेईल आणि ती रास्तच आहे. आज्ञा टाइप करणे आणि उतारा आठवणे या दोन गोष्टी एक नव्हेत. पण पोर्ट क्रमांक, ओएसपीएफचे ११० हे ॲडमिनिस्ट्रेटिव्ह डिस्टन्स, स्पॅनिंग ट्रीतल्या अवस्था अशा कितीतरी गोष्टी या परीक्षेत नुसत्या आठवाव्याच लागतात. त्या प्रयोगातही माझ्या मते मोलाची आहे ती पाच मिनिटांनंतरची आकडेवारी. वाचन संपल्याबरोबर आपल्याला सगळे येते असे वाटते, आणि त्या क्षणी ते खरेही असते. साहित्याची निवड आपण नेमकी अशाच क्षणी करतो. व्हिडिओ संपतो, सगळे कळलेले असते आणि आपण म्हणतो, हाच कोर्स उत्तम.

मग पुस्तके आणि व्हिडिओ टाकून द्यायचे का? मुळीच नाही. अभ्यासक्रमाच्या पानावरच सिस्कोने बजावले आहे की ही रूपरेषा आहे आणि तिच्याशी संबंधित इतर गोष्टीही विचारल्या जाऊ शकतात. नुसत्या मुद्द्यांच्या यादीवर विसंबणाऱ्याची इथे अडचण होते. आजूबाजूचा प्रदेश दाखवायला एक सलग, भरवशाचे पुस्तक लागतेच, आणि वेंडेल ओडम यांचे सिस्को प्रेसने काढलेले दोन खंडांचे पुस्तक ते काम चोख करते. त्यातल्या प्रकरणांच्या सुरुवातीला एक छोटी प्रश्नावली असते. बरेच जण ती ओलांडून पुढे जातात, पण पुस्तकातला सर्वांत उपयोगी भाग मला तोच वाटतो. आधी ती सोडवावी, चुकलेल्या प्रश्नांशी संबंधित पाने नीट वाचावीत आणि आठवड्याने ती कोऱ्या मनाने पुन्हा सोडवावी. ज्यांना वाचनाचा कंटाळा आहे त्यांच्यासाठी ‘जेरेमीज आयटी लॅब’ हा यूट्यूबवरचा विनामूल्य अभ्यासक्रम आहे. त्याची खरी किंमत समजावण्याच्या हातोटीइतकीच सोबत मिळणाऱ्या पॅकेट ट्रेसरच्या लॅब आणि फ्लॅशकार्डमध्ये आहे. लॅब न करता नुसते व्हिडिओ पाहिले तर कोर्सचा अर्धा भाग हातचा गेला. पुस्तक किंवा व्हिडिओ यांपैकी एक मुख्य धरावे. दोन पुस्तके आणि तीन कोर्स समांतर चालवणारा प्रत्येकातली सोपी प्रकरणे तेवढी पुन्हा पुन्हा पाहत राहतो.

जुन्या पुस्तकांबद्दल थोडे सांगायला हवे, कारण पुण्याच्या अप्पा बळवंत चौकासारख्या पुस्तकबाजारात ती स्वस्तात मिळू शकतात. सध्याची परीक्षा २४ फेब्रुवारी २०२० रोजी सुरू झाली आणि तिची १.१ ही सुधारित आवृत्ती २० ऑगस्ट २०२४ पासून लागू झाली. २०२० आधीच्या पुस्तकांत ईआयजीआरपी आणि आरआयपीवर पानेच्या पाने आहेत, जी आजच्या अभ्यासक्रमात नाहीत, आणि ऑटोमेशनचा भाग जवळपास नाही. १.१ मध्ये टेराफॉर्मचे नाव आले, पपेट आणि शेफ गेले, कृत्रिम बुद्धिमत्तेचा उल्लेख आला. उलट बाजूही खरी आहे. आयपीव्ही४ ची मूळ व्याख्या १९८१ ची, ओएसपीएफच्या दुसऱ्या आवृत्तीचा दस्तऐवज १९९८ चा. हा पाया बदललेला नाही. तेव्हा घरात जुने पुस्तक असेल तर सबनेटिंग, व्हीलॅन आणि राउटिंगची प्रकरणे खुशाल त्यातून करावीत, पण अभ्यासक्रमाचा छापील कागद शेजारी ठेवून. परीक्षेची तारीख घेण्याआधी चालू आवृत्ती कोणती, हे सिस्कोच्या पानावर पुन्हा पाहावे.

आता सर्वांत जोराचा आक्षेप. डंप वापरून लोक उत्तीर्ण होतात, नोकरीलाही लागतात, मग एवढा खटाटोप कशाला? महाराष्ट्रातल्या विद्यार्थ्याला दहावीपासून ‘अपेक्षित’ प्रश्नसंचांची सवय असते, त्यामुळे डंप त्याला त्याच जातीचा वाटतो. पण दोन्हींत मूलभूत फरक आहे. अपेक्षित संच जुन्या प्रश्नपत्रिका पाहून बांधलेला अंदाज असतो आणि त्यात चोरी नसते. डंप म्हणजे चालू परीक्षेतून बाहेर काढलेले प्रश्न, आणि प्रत्येक उमेदवार परीक्षेआधी गोपनीयतेचा करार मान्य करत असतो. करार मोडल्यास प्रमाणपत्र रद्द करण्याचा आणि पुढच्या परीक्षांना बंदी घालण्याचा अधिकार सिस्कोकडे आहे. नीतीचा मुद्दा क्षणभर बाजूला ठेवला तरी डंप हे वाईट साहित्य आहे. त्यातली उत्तरे अनेकदा चुकीची असतात आणि का चूक हे सांगणारे कोणी नसते. शिवाय परीक्षेत आता प्रत्यक्ष कॉन्फिगरेशनच्या लॅब येतात आणि तिथे पर्याय ओळखण्याची सवय उपयोगाची नाही. आणि नोकरी लागली तरी पुढे काय? बँकेच्या शाखेतली लिंक पडल्यावर समोर चार पर्याय नसतात. चांगल्या सराव परीक्षेची ओळख इथेच पटते : बॉसनच्या एक्झसिममध्ये बरोबर उत्तराइतकेच चुकीच्या पर्यायांचेही स्पष्टीकरण असते. कोणतीही सराव परीक्षा विकत घेण्याआधी तिचे नमुना प्रश्न उघडून एवढेच तपासावे.

पैशाचा प्रश्न खरा आहे. परीक्षेची फी ३०० डॉलर, म्हणजे पंचवीस हजार रुपयांच्या वर, आणि कर वेगळा. नापास झाल्यास पाच दिवस थांबून पुन्हा बसता येते, पण फी पुन्हा पूर्ण भरावी लागते. एवढी रक्कम जमवणाऱ्या घराला क्लासची फीही परवडेलच असे नाही, आणि ती अपरिहार्यही नाही. अभ्यासक्रम, पॅकेट ट्रेसर आणि एक पूर्ण व्हिडिओ कोर्स फुकट आहेत. पैसे घालायचेच असतील तर आधी सराव परीक्षेवर घालावेत, मग पुस्तकावर, आणि क्लासवर तेव्हाच, जेव्हा एकट्याने बसून अभ्यास होत नाही हे स्वतःला पुरते कळून चुकले असेल. तिथेही आधी विचारावे की राउटर विद्यार्थ्याच्या हाती किती वेळ येतो.

मराठी माध्यमातून आलेल्यांची अडचण वेगळी आहे. राउटिंग टेबल किंवा नॅट म्हणजे काय हे मराठीत किंवा हिंदीत ऐकून समजून घेण्यात काहीच कमीपणा नाही, उलट संकल्पना लवकर पक्की होते. मात्र १२० मिनिटांच्या परीक्षेत प्रश्न इंग्रजीत येतात, ते लांबलचक असतात आणि उत्तर देऊन पुढे गेले की मागे येता येत नाही. ‘यांपैकी कोणते लागू नाही’ हे घाईत ‘कोणते लागू आहे’ असे वाचले तर येत असलेले उत्तरही चुकते. म्हणून समजून घेण्याचे साहित्य कोणत्याही भाषेतले असो, सराव प्रश्न पहिल्या आठवड्यापासून इंग्रजीतच सोडवावेत. रोज पाचच सोडवले तरी चालतील, पण प्रश्न पूर्ण वाचून तो काय मागतो आहे हे आधी स्वतःच्या शब्दांत सांगावे आणि मगच पर्यायांकडे पाहावे.