पावातले यीस्ट, पुडीतले यीस्ट

अँटिबायोटिक चालू असताना जुलाब लागले, की डॉक्टर कधी कधी एक पुडी लिहून देतात. तिच्यावर नाव असते ‘सॅकरोमायसिस बुलार्डी’. पावाचे पीठ फुगवणारे यीस्ट म्हणजे ‘सॅकरोमायसिस सेरेव्हिसी’. दोघांचा जनुकसंच ९९ टक्क्यांहून अधिक सारखा. त्यामुळे बुलार्डीला आता स्वतंत्र प्रजाती न मानता सेरेव्हिसीचाच एक वाण मानतात. तरीही बेकरीतले यीस्ट या पुडीची जागा घेऊ शकत नाही.

बुलार्डी सापडले ते १९२० च्या दशकात, इंडोचायनात. कॉलऱ्याच्या साथीत तिथली काही माणसे लीची आणि मँगोस्टीनच्या साली उपाय म्हणून वापरताना आंरी बुलार या फ्रेंच सूक्ष्मजीवशास्त्रज्ञाने पाहिली. या फळांवरूनच त्याने हे यीस्ट वेगळे काढले.

पावाच्या यीस्टला ३० अंश सेल्सिअसच्या आसपासची ऊब मानवते. बुलार्डी ३७ अंशांवर, म्हणजे आपल्या शरीराच्या तापमानालाच, जोमाने वाढते. जठरातले आम्लही ते अधिक सोसते. त्याची किंमत मात्र त्याने मोजलेली दिसते. सेरेव्हिसी उपासमारीत बीजाणू तयार करते, बुलार्डीला ते जमत नाही. दुधातल्या साखरेचा एक घटक असलेले गॅलॅक्टोजही त्याला नीट पचवता येत नाही, कारण त्यासाठी लागणाऱ्या एका जनुकात बिघाड आहे. संशोधकांनी तो बिघाड दुरुस्त केला, तेव्हा गॅलॅक्टोज पचू लागले, पण ३७ अंशांवर ग्लुकोजवरची वाढ मंदावली. डीएनएतल्या एका अक्षराच्या फरकाची ही देवाणघेवाण खरोखर थक्क करणारी आहे.

औषधी गुण दिसतो तो आतड्यात. अशा जुलाबांमागे असू शकणाऱ्या ‘क्लॉस्ट्रिडियम डिफिसिल’ या जिवाणूचे विष तोडणारे एक प्रथिन बुलार्डी स्रवते. शिवाय यीस्ट ही बुरशी, जिवाणू नव्हे, म्हणून अँटिबायोटिकने ते मरत नाही. बुरशीविरोधी औषध मात्र त्याला मारते.

ते पोटात कायमचे ठाण मांडत नाही, डोस थांबला की काही दिवसांत निघून जाते. मात्र अतिदक्षता विभागातल्या, मोठ्या शिरेत नळी घातलेल्या किंवा प्रतिकारशक्ती खालावलेल्या रुग्णांमध्ये ते रक्तात शिरून गंभीर संसर्ग झाल्याच्या नोंदी आहेत. अशा रुग्णाजवळ ही पुडी उघडूही नये. आणि घरी घेताना ती गरम दुधात किंवा चहात कालवू नका. आतले यीस्ट जिवंत असते, उकळत्या कपात ते मरते.