क्योटो आणि शिराकावा-गो : गैरसमज आणि वस्तुस्थिती

जपानला जाणाऱ्यांच्या यादीत टोकियोसोबत क्योटोची मंदिरं आणि शिराकावा-गोची गवती छपरांची घरं हमखास असतात. या दोन्ही ठिकाणांबद्दलच्या काही समजुती मात्र निघण्यापूर्वीच तपासून घ्यायला हव्यात.

गैरसमज : क्योटोतलं सगळं शेकडो वर्षं जसंच्या तसं उभं आहे.
वस्तुस्थिती : क्योटो ७९४ साली राजधानी झालं, पण तिथली बांधकामं लाकडाची. ती जळत गेली आणि लोक ती पुन्हा उभारत गेले. सोनेरी किनकाकुजी १९५० मध्ये एका तरुण भिक्षूने लावलेल्या आगीत खाक झालं; तळ्यात आज ज्याचं प्रतिबिंब दिसतं ते मंदिर १९५५ चं आहे. म्हणून ते खोटं ठरत नाही. जुन्या पद्धतीने पुन्हा बांधण्याचं कसब टिकवून ठेवणं हाही वारसाच आहे.

गैरसमज : क्योटोच्या गिओन भागात किमोनो घातलेली प्रत्येक स्त्री गेइशा असते आणि तिचे फोटो काढायला हरकत नसते.
वस्तुस्थिती : त्यांतल्या कितीतरी जणी भाड्याने किमोनो घेतलेल्या पर्यटक असतात. खऱ्या कलावतींना क्योटोत गेइको म्हणतात आणि शिकाऊ मुलींना माइको. संध्याकाळी त्या कामावर निघालेल्या असतात. वाट अडवून फोटो काढण्याचे प्रकार इतके वाढले, की २०२४ मध्ये तिथल्या काही खासगी गल्ल्या पर्यटकांना बंद झाल्या. आत शिरल्यास दहा हजार येन दंडाचे फलक तिथे लागले आहेत.

गैरसमज : शिराकावा-गो हे पर्यटकांसाठी मांडलेलं प्रदर्शन आहे.
वस्तुस्थिती : १९९५ पासून जागतिक वारशात असलेलं इथलं ओगिमाची हे नांदतं गाव आहे. घरांच्या शैलीचं नाव 'गाश्शो', म्हणजे जोडलेले हात, आपल्या नमस्कारासारखंच. छपराचा तीव्र उतार जड बर्फ घसरून जावा म्हणून, आणि त्याखालच्या माळ्यांवर पूर्वी रेशमाचे किडे पाळत. छपराच्या सांगाड्यात खिळा नाही. काथ्यासारखी पेंढ्याची दोरी आणि झाडाच्या कोवळ्या, ओल्या फांद्या पिळून गाठी मारतात; फांदी सुकत जाते तशी गाठ आवळत जाते. तीसेक वर्षांनी गवत बदलायची वेळ आली, की गावकरी एकमेकांच्या घरी राबतात. या पद्धतीला 'युइ' म्हणतात. आपल्याकडच्या शेतकऱ्याला सावड माहीत असते, त्याला हे वेगळं समजावून सांगावं लागणार नाही.

गवताला ठिणगीचं भय मोठं. म्हणून गावात पाण्याचे फवारे बसवले आहेत आणि दर शरद ऋतूत त्यांची एकाच वेळी चाचणी होते. ठरवून दिलेल्या जागेखेरीज सिगारेट ओढू नका.

गैरसमज : रेल्वेचा पास काढला की सगळीकडे जाता येतं.
वस्तुस्थिती : शिराकावा-गोला रेल्वे जात नाही. ताकायामा शहराहून बसने साधारण तासाभरात पोहोचता येतं. हिवाळ्यात घरांवर रोषणाई होते त्या मोजक्या संध्याकाळी आधी आरक्षण केल्याशिवाय प्रवेश नाही.

गैरसमज : 'मांस नको' म्हटलं की जेवण शाकाहारी.
वस्तुस्थिती : सूप आणि भाज्यांत 'दाशी' हा रस्सा असतो आणि तो बहुधा सुकवलेल्या माशाचा असतो. तेव्हा दाशीबद्दल वेगळं विचारा. क्योटोत बौद्ध मठांच्या परंपरेतलं 'शोजिन र्‍योरी' हे शाकाहारी जेवण मिळतं.

जे पाहायला आपण इतक्या दूर जातो, ते कोणीतरी रोज राबून जपलेलं असतं. दार उघडं दिसलं तरी विचारल्याशिवाय आत पाऊल टाकू नये. आत कुणाचा तरी संसार असतो.