लेट विमानाचा चहा कोण पाजतो?

डोंबिवलीच्या फलाटावर ‘१५ मिनिटे उशिराने’ ऐकून कुणी स्टेशन मास्तरकडे चहा मागितला, तर अख्खा फलाट हसेल. विमानतळावर मात्र तो हक्कानं मागायचा. विमान वाहतूक नियामक डीजीसीएचा नियम सांगतो: अडीच तासांपर्यंतच्या उड्डाणाला दोन तास उशीर झाला, की खाणंपिणं कंपनीकडून. मुंबई-नागपूर, मुंबई-गोवा यातच आली. अट एकच, तुम्ही चेक-इनला वेळेत हजर असायला हवं.

देशांतर्गत विमान सहा तासांहून जास्त रखडणार असेल, तर दुसरं विमान किंवा पूर्ण परतावा. रात्री आठ ते पहाटे तीनमधलं असेल, तर हॉटेलही!

पण नुसत्या उशिराला रोख भरपाई नाही. ती मिळते वेळेत न कळवता विमान रद्द केलं तर. तासाभराच्या उड्डाणाला ५,०००, दोन तासांपर्यंत ७,५००, त्यापुढे १०,००० रुपये. किंवा मूळ भाडं अधिक इंधन शुल्क. यातलं जे कमी, ते. म्हणजे सेलमध्ये तिकीट मारलं असेल, तर भरपाईही सेलमधलीच. आणि कारण खराब हवामानाचं असेल, तर तीही नाही. जुलैत प्रवास करणाऱ्यांनी काय ते समजावं.

खरी मजा ओव्हरबुकिंगची. पक्कं तिकीट असून जागा नाकारली आणि तासाभरात सुटणारं दुसरं विमान दिलं नाही, तर भाड्याच्या दुप्पट, कमाल १०,०००. पर्यायी विमान २४ तासांनंतरचं असेल तर चौपट, कमाल २०,०००. बदलापूर फास्टमध्ये रोज चढता न येणाऱ्यांनी हिशेब करत बसू नये, उगाच जीव जळेल.

रेल्वेनंही पैसे दिलेत बरं का. जानेवारी २०२० मध्ये आयआरसीटीसीची अहमदाबाद-मुंबई तेजस तासाभराहून जास्त उशिरा पोचली, आणि प्रवाशांना प्रत्येकी १०० रुपये जाहीर झाले.

डिसेंबर २०२५ पासून नवी मुंबईचं विमानतळही सुरू झालंय. ऐरोलीमार्गे ठाणेकर खूश. पण तिकिटावर कोणतं विमानतळ आहे ते बघा. चुकीच्या विमानतळावर जाऊन पोचलात, तर भरपाई विसरा.

कंपनी दाद देत नसेल, तर आधी सरकारचं एअरसेवा पोर्टल. तिथंही काम झालं नाही, तर २०१९ च्या ग्राहक कायद्यानं राहत्या जिल्ह्यातच तक्रार करता येते. कंपनीचं मुख्यालय गुरुग्रामला असेना का, कल्याणकरानं ठाण्याच्या जिल्हा ग्राहक आयोगात जावं. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क शून्य. फक्त बोर्डिंग पास आणि विमान रद्द झाल्याचा एसएमएस डिलीट करू नका.