चरणाऱ्या गोऱ्ह्याचं बळ

जळकोटच्या एका वाचकाने विचारलं आहे: दावणीला बांधून सरकी पेंड चारलेला गोऱ्हा अंगाने भरतो, पण माळावर चरून वाढलेला औताला जास्त टिकतो, असं जुनी माणसं म्हणतात. याला विज्ञानाचा काही आधार आहे का?

आधार आहे. आणि हा प्रश्न जळकोटहून यावा हेही साजेसं आहे. दक्षिणेला देवणी, उत्तरेला कंधार. पांढऱ्या अंगावर काळे ठिपके मिरवणारी देवणी आणि गडद तांबडी लाल कंधारी, या दोन्ही जातींचा मुलूख इथे एकमेकाला भिडतो.

स्नायूत ढोबळमानाने दोन तऱ्हांचे तंतू असतात. लाल तंतू सावकाश आकसतात, पण लवकर थकत नाहीत. फिके तंतू झटक्यात जोर लावतात आणि लवकर दमतात. तंतूंची संख्या वासरू पोटात असतानाच, साधारण सहाव्या-सातव्या महिन्यापर्यंत ठरून जाते. गाभण गाईने ते महिने नुसत्या वाळल्या कडब्यावर काढले, तर त्याची किंमत वासराच्या स्नायूला मोजावी लागते. जन्मानंतर वाढते ती तंतूंची जाडी, आणि बदलू शकतो तो त्यांचा स्वभाव.

स्वभाव बदलतो हे कसं कळलं, ती गोष्ट मला फार आवडते. 1960 मध्ये बुलर, जॉन एकल्स आणि त्यांची मुलगी रोझमंड यांनी मांजराच्या पायातल्या संथ आणि चपळ स्नायूंच्या नसा कापून अदलाबदल करून जोडल्या. चपळ स्नायू संथ होऊ लागला, संथ चपळ. नसेतून एखादं द्रव्य झिरपत असावं, असा त्यांचा कयास होता. 1969 मध्ये स्टॅन्ली सॅमन्स आणि गर्टा व्ऱ्बोव्हा यांनी सशाच्या चपळ स्नायूच्या नसेला सेकंदाला दहा असे बारीक विद्युत ठोके आठवडेच्या आठवडे दिले. नस बदलली नव्हती, तरी स्नायू संथ झाला. म्हणजे ठोक्यांची लय पुरेशी होती! या व्ऱ्बोव्हा नाझींच्या तावडीतून वाचलेल्या, पुढे साम्यवादी चेकोस्लोव्हाकियातून दोन लेकींना घेऊन निसटलेल्या बाई. त्यांचं नाव शाळेच्या पुस्तकात यायला हवं.

माळावर दिवसभर पावलं टाकणाऱ्या गोऱ्ह्याच्या पायांना अशीच मंद, न थांबणारी लय मिळते. पेशीत कॅल्शियम टिकून राहतं, त्याने कॅल्सिन्युरिन नावाचं विकर जागं होतं आणि संथ तंतूंची जनुकं कामाला लागतात. पीजीसी-1 अल्फा हे प्रथिन मायटोकॉन्ड्रिया वाढवतं. जपानी काळ्या जातीच्या बैलांवर 2009 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात चरणाऱ्या जनावरांच्या स्नायूत संथ तंतूंची प्रथिनं जास्त आढळली.

मात्र ‘चराईने जनुकं बदलतात’ असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. जनुकं तीच राहतात. आखाड्यावर तिफण, वखर, कुळव सगळंच असतं. हंगामाप्रमाणे काय बाहेर निघतं, तेवढाच फरक.

माझी दुसरी शंका अधिक गंभीर आहे. चरणारं जनावर चालतं, पण त्याच वेळी पेंडीऐवजी गवत खातं आणि हळू वाढतं. मग श्रेय चालण्याचं की चाऱ्याचं? 2019 च्या दुष्काळात मराठवाड्यातली गुरं चारा छावण्यांत महिनोन्‌महिने खुंट्याला होती. त्यांना चारा मिळाला, चालणं नाही. तिथे हा प्रश्न नुसता पुस्तकी नव्हता.

उदगीरला पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, तिथे हे तपासता येईल. लाल कंधारीचे एका वयाचे गोऱ्हे घ्यावेत: काही बांधून पेंडीवर, काही बांधून कापलेल्या गवतावर, काही चराईवर, काही चरून आल्यावर वर पेंड. मांडीतून सुईने स्नायूचा छोटा नमुना काढता येतो, जनावराला कायमची इजा होत नाही. आपल्याकडे बैल ओढकामासाठी पाळतात, म्हणून वजनाबरोबर तो किती वेळ औत ओढतो हेही मोजायला हवं.